कंपनीचे ब्रेक पॅड की बाहेरचे? पॅडवर काय वाचायचं आणि बसवताना काय पाहायचं

प्रश्न असा आहे: गाडीचे पुढचे ब्रेक पॅड संपत आले आहेत. सर्व्हिस सेंटर म्हणतं कंपनीचेच घाला, गॅरेजवाला म्हणतो बाहेरचे तितकेच चांगले आणि बरेच स्वस्त. मागच्या वेळी बाहेरचे घातले तर काही दिवसांत चीं-चीं आवाज सुरू झाला. मग बाहेरचे पॅड वाईटच असतात का?

नाही. बाहेरचे काही पॅड कंपनीच्या तोडीचे असतात आणि काही गाडीला लावूही नयेत इतके कच्चे असतात. दोन्ही एकाच दुकानात, एकाच फळीवर मिळतात. फरक खोक्यावरून कळत नाही, पॅड हातात घेऊन कळतो. आवाजाचं म्हणाल तर त्याचं कारण बहुतेक वेळा पॅडपेक्षा बसवण्यात आणि जुन्या डिस्कमध्ये सापडतं.

आधी हे लक्षात घ्या की गाडी बनवणारी कंपनी सहसा स्वतः पॅड बनवत नाही. ते काम घर्षण मटेरियलच्या खास कारखान्यांचं असतं. अकेबोनो, निशिनबो, फेरोडो, टेक्स्टार ही त्यातली जुनी नावं. टेक्स्टार, पॅगिड आणि मिंटेक्स हे तीनही ब्रँड टीएमडी फ्रिक्शनचे, आणि टीएमडी २०११ ते २०२३ या काळात निशिनबोच्या मालकीची होती. एटीई हा २०२५ पर्यंत कॉन्टिनेंटलचा ब्रँड होता, टीआरडब्ल्यू म्हणजे आता झेडएफ. त्यामुळे दुकानात चार वेगळी खोकी दिसली तरी मागे कारखाने चारच असतील असं नाही.

इथून पुढे बरेच जण चुकीचा निष्कर्ष काढतात: ‘कंपनीला माल देणाऱ्याचाच पॅड त्याच्या स्वतःच्या खोक्यात घेतला म्हणजे तोच पॅड स्वस्तात मिळाला.’ कधी तसं असतं, कधी नसतं. गाडी कंपनीसाठी बनवलेल्या पॅडचं मिश्रण त्या गाडीसाठी कंपनीबरोबर ठरवलेलं असतं. तोच कारखाना खुल्या बाजारासाठी त्याच आकाराचा पॅड वेगळ्या मिश्रणाचा बनवू शकतो आणि अनेकदा बनवतो, कारण एकच आकार पाच-सहा मॉडेलना बसवायचा असतो. काही गाडी कंपन्या जुन्या गाड्यांसाठी स्वतःचा दुसरा, स्वस्त ब्रँडही चालवतात. रेनोचा मोट्रिओ आणि स्टेलांटिसचा युरोरेपार ही उदाहरणं. तिथेही मिश्रण मूळ पॅडचंच असेल असं गृहीत धरू नका. कारखाना एक असला तर गुणवत्तेची शिस्त एक असण्याची शक्यता वाढते. पाककृती एकच आहे याची हमी त्यातून मिळत नाही.

मूळ पॅडचं खरं मोल कशात

मूळ पॅड, म्हणजे कंपनीचा, जगातला सर्वोत्तम पॅड असतो असं नाही. तो त्या गाडीसाठी केलेली मोजूनमापून तडजोड असते. गाडीचं वजन, कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन, डिस्कचा व्यास आणि तिचं बीड (ओतीव लोखंड), पेडलची ताकद, पुढच्या-मागच्या चाकांमधली ब्रेकची वाटणी, आवाज, धूळ, झीज, थंडीतलं आणि पावसातलं वागणं हे सगळं बसवून ते मिश्रण ठरलेलं असतं. बाहेरचा पॅड यातल्या एखाद्या बाबतीत पुढे असू शकतो, उदाहरणार्थ धूळ कमी. पण त्यासाठी त्याने दुसरीकडे काहीतरी सोडलेलं असतं.

मिश्रणाचे ढोबळ प्रकार तीन. सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो. हा उष्णता चांगली सोसतो आणि पटकन बाहेर नेतो, पण आवाज जास्त करतो आणि डिस्कही जास्त खातो. लो-मेटॅलिकमध्ये धातू साधारण १० ते ३० टक्के. युरोपीय गाड्यांचा कल इकडे असतो: पेडलला पाय लागताच पकड येते, वेगात भरवसा मिळतो, आणि बदल्यात रिमवर काळपट-तपकिरी धूळ बसते. तिसरा ऑरगॅनिक, ज्याला एनएओ (नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस ऑरगॅनिक) म्हणतात. सिरॅमिक नावाने विकला जाणारा पॅड बहुतेक याच कुळातला. जपानी आणि अमेरिकी बाजाराला हा आवडतो, कारण तो शांत असतो, धूळ कमी आणि फिकट, डिस्कवर मऊ.

या प्रकारांची काम करण्याची रीतच वेगळी आहे. धातूवाला पॅड मुख्यतः डिस्कला खरवडून घर्षण निर्माण करतो. ऑरगॅनिक पॅड डिस्कवर स्वतःचा पातळ थर चढवतो आणि त्या थराशी घासतो. म्हणून आधी लो-मेटॅलिक वापरलेल्या, बारीक चऱ्या पडलेल्या डिस्कवर थेट सिरॅमिक पॅड घातला की तो थर नीट बसत नाही. पकड कमी वाटते, आवाज येतो, आणि दोष नव्या पॅडला जातो. मागच्या वेळच्या चीं-चीं आवाजामागे हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. मूळ पॅड कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहा आणि बाहेरचा घेताना त्याच प्रकारातला घ्या. प्रकार बदलायचाच असेल तर डिस्क नवीन घाला, किंवा जाडी शिल्लक असेल तर लेथवर हलकी टर्न करून घ्या.

पॅडवरच्या खुणा

पॅडच्या कडेला किंवा मागच्या लोखंडी प्लेटवर अक्षरं-आकडे छापलेले असतात. दुकानात उभ्या-उभ्या वाचता येतील असे चार.

सर्वांत महत्त्वाची खूण ईसीई आर-९० या नियमाची. वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि देशाचा आकडा (१ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन), आणि शेजारी ‘९०आर’ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक. या नियमाखाली बदली पॅडची त्या विशिष्ट गाडीच्या मूळ पॅडशी तुलना होते. त्याच दाबाला मिळणारी ब्रेकची ताकद मूळ पॅडच्या अधिक-उणे १५ टक्क्यांत राहावी लागते. वेगवेगळ्या वेगांना पकड फार बदलून चालत नाही. घर्षण मटेरियल आणि लोखंडी प्लेट यांचा जोड दर चौरस सेंटिमीटरला किमान २५० न्यूटन ताण सोसला पाहिजे. पॅडचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर धरलं तर हा जोड सुमारे सव्वा टन ताकदीने ओढला तरी सुटता कामा नये. बाहेरचा पॅड घ्यायचा तर ही खूण असलेलाच घ्या, यावर माझं मत ठाम आहे. मात्र १५ टक्के ही सूट वरही आहे आणि खालीही. म्हणजे मंजुरी असलेले दोन पॅड पायाला एकमेकांपेक्षा बरेच वेगळे लागू शकतात. आणि आवाज, धूळ, किती हजार किलोमीटर टिकेल, याविषयी ही खूण काहीच सांगत नाही.

दुसरी खूण दोन इंग्रजी अक्षरांची: ‘ईई’, ‘एफएफ’, ‘जीएफ’ अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड उतरते असं समजा. पण या अक्षरांवर फार विसंबू नका. ती चाचणी एक इंच चौरस तुकड्यावर, प्रयोगशाळेतल्या ड्रमवर होते, तुमच्या डिस्कवर नाही. शिवाय एका अक्षराचा पट्टा इतका रुंद आहे की ०.३६चा आणि ०.४४चा पॅड दोन्ही ‘एफएफ’च. मी हा कोड एवढ्यासाठीच पाहतो की डाव्या आणि उजव्या चाकाच्या चारही पॅडवर तो सारखा आहे का. नसेल तर संच परत करा.

तिसरा डब्ल्यूव्हीए क्रमांक, पाच आकडी, बऱ्याचदा शेजारी जाडी दिलेली. हा आकार सांगतो, मिश्रण सांगत नाही. ‘नंबर जुळतो, म्हणजे तोच पॅड’ हे वाक्य दुकानात ऐकलं तर त्याचा अर्थ ‘हा पॅड कॅलिपरमध्ये बसेल’ एवढाच घ्या.

चौथी खूण तांब्याबद्दलची. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांच्या कायद्यांनी पॅडमधलं तांबं २०२१ पासून ५ टक्क्यांखाली आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याखाली आणायला लावलं. कडेच्या कोडमध्ये ‘ए’, ‘बी’ किंवा ‘एन’ असं अक्षर असतं. ‘एन’ म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. ही पर्यावरणाची खूण आहे, पकडीची नाही.

यातलं काहीही नाही, फक्त रंगीत खोकं आणि त्यावर ‘हाय परफॉर्मन्स’ असं लिहिलेलं असेल, तर तो पॅड नको. कंपनीच्या नावाचे नकली पॅडही असतात, म्हणून खोक्यावरचा पार्ट नंबर आणि पॅडवरचा छाप दोन्ही ताडून पाहा. अस्सल पॅडवर बॅचचा शिक्का स्वच्छ उमटलेला असतो.

स्वस्त पॅडमध्ये काय वाचवलेलं असतं

मिश्रण डोळ्यांना कळत नाही, पण बाकीची काटकसर दिसते. लोखंडी प्लेट बघा. सपाट टेबलावर ठेवून कोपऱ्यावर दाबा, डुलली तर ती वाकडी आहे. कडा गुळगुळीत कापलेल्या असाव्यात. कड फाटल्यासारखी आणि कान (प्लेटची दोन टोकं) खडबडीत असतील तर पॅड ब्रॅकेटमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या चौकटीत, अडकणार. प्लेटवरचा रंग पातळ असेल तर काही पावसाळ्यांत प्लेट आणि मटेरियलच्या मधे गंज शिरतो, फुगतो आणि मटेरियल उचलून धरतो. मटेरियल भरपूर शिल्लक असतानाही असा पॅड सुटू शकतो. जोडाच्या रेषेत केसाएवढी जरी भेग दिसली तरी पॅड नाकारा.

नंतर पाठीमागचा शिम. चांगल्या पॅडवर पोलाद आणि रबराच्या थरांचा शिम असतो, तो पिस्टनकडून येणारी कंपनं गिळतो. स्वस्त पॅडवर नुसता रंगवलेला कागदासारखा थर असतो, किंवा काहीच नसतं. मटेरियलच्या कडा तिरप्या कापलेल्या आणि गरज असेल तिथे मधे खाच असणं हेही आवाजासाठीच असतं. मूळ पॅडच्या कडा तिरप्या असतील आणि नव्याच्या काटकोनात सरळ असतील तर आवाजाची तयारी ठेवा.

न दिसणारी एक गोष्ट म्हणजे कारखान्यात पॅडचा पृष्ठभाग भाजणं. पॅड बांधणारं फिनॉलिक राळ पहिल्यांदा खूप तापतं तेव्हा त्यातून वायू सुटतो, आणि तो पॅड-डिस्कच्या मधे अडकला की ब्रेक काही क्षण धरत नाही. चांगले उत्पादक हा पहिला वायू कारखान्यातच जाळून टाकतात. हे न केलेला नवा पॅड पहिल्याच मोठ्या घाटात दगा देऊ शकतो.

‘दोन्ही पॅडनी गाडी तेवढ्याच अंतरात थांबते’ असा युक्तिवाद होतो. तो अर्धाच खरा आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस चालू होत असेल तर अंतर टायरची पकड ठरवते, पॅड नाही. थंड डिस्कवर एकदा दाबून पाहिलं तर साधा पॅडही तिथवर पोचतो. फरक कळतो तो तापल्यावर. १,५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. हेच लागोपाठ सात-आठ वेळा केलं, किंवा भरलेली गाडी लांब उतारावर ब्रेकवर ठेवली, की कच्च्या मिश्रणाची पकड उतरू लागते. तेव्हा पेडल कडकच राहतं पण गाडी हळू होत नाही. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर मात्र पॅड निर्दोष आहे, ब्रेक ऑइल उकळलं आहे. डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. पॅड बदलताना ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला.

बसवताना

आवाजाच्या, थरथरीच्या आणि एका बाजूने झिजण्याच्या तक्रारींचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडतं, म्हणून यावर जरा थांबतो.

पॅड नेहमी एका अॅक्सलचे चारही बदलायचे. जुने काढल्यावर फेकू नका, आधी वाचा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप झिजला असेल तर कॅलिपरच्या स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) जाम आहेत. एकाच चाकाचे दोन्ही झिजले असतील तर पिस्टन परत येत नाही किंवा होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून फुगला आहे. हे दुरुस्त न करता सर्वांत महागडा मूळ पॅड घातला तरी तो तसाच झिजणार.

डिस्कची जाडी मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली असेल तर डिस्क बाद. जाडीत ठिकठिकाणी ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर इतका जरी फरक असला तरी स्टिअरिंग थरथरायला पुरेसा असतो. डिस्कच्या बाहेरच्या कडेला वाढलेला काठ असेल तर नवा पॅड त्यावर चढतो आणि ओरडतो. डिस्क नवी असो की जुनी, हबवरचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने पूर्ण साफ करा. तिथे अडकलेला गंजाचा एक पापुद्रा डिस्क डोलवतो, आणि थरथर लगेच नाही, काही हजार किलोमीटरनंतर सुरू होते. तोवर सगळे पॅडला बोल लावतात.

ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या क्लिप काढून त्यांच्याखालचा गंज खरवडा. हे काम घाईत हमखास टाळलं जातं. गंज क्लिपला आत ढकलतो आणि पॅडचे कान आवळले जातात. नवा पॅड ब्रॅकेटमध्ये बोटाने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर कानावरचा जादा रंग कानशीने काढा. क्लिप नव्या घाला. बाहेरच्या पॅडच्या खोक्यात त्या नसतील तर वेगळ्या मागवा. कंपनीच्या संचात क्लिप, शिम आणि बोल्ट बहुधा सोबत येतात, हा किमतीतल्या फरकाचा एक भाग आहे आणि तुलना करताना तो धरला पाहिजे.

स्लाइड पिनना सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीचं सिंथेटिक ग्रीसच लावा. साधं ग्रीस तिथल्या रबराला फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅडच्या कानांना आणि पाठीवर पिस्टन टेकतो तिथे पुसट थर पुरे. पॅडच्या तोंडाला लागला तर तो पॅड संपला.

पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल काढून घ्या, नाहीतर ते वर येऊन सांडतं आणि रंग खातं. मागच्या चाकांना फिरवत आत न्यायचे पिस्टन असू शकतात, ते दाबून जात नाहीत. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावा, जबरदस्तीने दाबाल तर आतले गिअर तुटतात. झीज दाखवणारी पत्री किंवा वायरचा सेन्सर जुन्या पॅडवर ज्या बाजूला होता त्याच बाजूला घाला. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. चाकाचे नटही तसेच, फुलीच्या क्रमाने. एअर गनने एकेक नट कमीजास्त आवळला की चांगली डिस्कही डोलू लागते.

सगळं झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिलं पेडल थेट तळाला जातं. हे विसरल्याने गाड्या गॅरेजच्या भिंतीवर आदळतात.

नंतर पॅड डिस्कशी जमवून घ्यायचे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून २० पर्यंत मध्यम दाबाने १५-२० वेळा वेग उतरवा, प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवा, मधे पूर्ण थांबू नका. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे तिथेच थरथर येते. ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणून आणलेल्या कितीतरी डिस्क वाकड्या नसतात, त्यांच्यावर असे ठसे असतात. पॅडसोबत वेगळी सूचना आली असेल तर ती पाळा. पहिले २००-३०० किलोमीटर गरज नसताना जोरात ब्रेक लावू नका.

मी कोणता निवडेन

गाडी वॉरंटीत असेल, जड असेल, भरून घाटरस्त्याने जात असेल, किंवा बाहेरच्या पॅडची खूण-बिण काही जुळत नसेल, तर डोळे मिटून मूळ पॅड. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांनाही मी मूळ पॅडच सुचवतो. तिथे मोटरच बरंचसं ब्रेकिंग करते, पॅड महिनोन्महिने जेमतेम घासतात, आणि झिजण्याआधी गंजून अडकतात. प्लेटचं गंजरोधक आवरण तिथे मिश्रणाइतकंच महत्त्वाचं, आणि बाहेरच्या स्वस्त पॅडमध्ये नेमकं तेच कमी असतं.

वॉरंटी संपलेली, शहरात आणि महामार्गावर साधी चालणारी छोटी-मध्यम गाडी असेल तर गाडी कंपन्यांना पॅड पुरवणाऱ्या नामांकित कारखान्याचा, आर-९०ची खूण असलेला, मूळ प्रकारच्याच मिश्रणाचा पॅड बिनधास्त घ्या. वाचलेल्या पैशांत नव्या क्लिप, पिनचे रबरी बूट आणि ब्रेक ऑइल बसवा. साध्या फिटिंगच्या महाग पॅडपेक्षा ही गाडी चांगली थांबेल.

फक्त मागच्या चाकांना जास्त पकडीचा पॅड घालू नका. मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडली की गाडी फिरते, आणि ब्रेकची वाटणी करणारी यंत्रणा मूळ पॅडची पकड धरूनच बेतलेली असते. रेसिंगचे पॅडही रस्त्यावर नकोत. ते तापल्यावरच नीट धरतात, आणि सकाळच्या पहिल्या सिग्नलला ते थंड असतात.

जुन्या आवाजाचा निकाल लावायचा असेल तर पॅड मागवण्याआधी गॅरेजवाल्याला चाक उघडायला सांगा आणि तीन गोष्टी स्वतः पाहा: स्लाइड पिन हाताने सहज आत-बाहेर होतात का, क्लिपखाली गंज आहे का, डिस्कवर चऱ्या किंवा काठ आहे का. तिन्ही ठीक असूनही आवाज येत असेल तर दोष पॅडचा धरा. मग त्याची बिलासह अदलाबदल मागा, आणि जुना पॅड परत देण्याआधी त्याच्या कडेवरचे कोड मोबाइलवर टिपून ठेवा, म्हणजे तेच मिश्रण दुसऱ्या खोक्यातून पुन्हा हातात पडणार नाही.